पांढरा डबा आणि वाळूची बादली

सून भांडत नाही, ही कडकबाईंची तक्रार होती, आणि ती गल्लीतल्या एकाही सासूला पटत नव्हती.

बाकीच्या घरांत सुना उलटून बोलायच्या, भांडी आपटायच्या, फुगून बसायच्या. कडकबाईंच्या सुनेनं लग्न होऊन आल्यापासून आवाज म्हणून चढवला नव्हता. काहीही सांगा, खालमानेनं म्हणायची, "बरं, आई." कपबशा उजवीकडे ठेव म्हटलं, बरं, आई. डावीकडे का ठेवल्या नाहीस म्हटलं, तरी बरं, आई.

"अगं, भिंतीशी भांडलं तर निदान आपला आवाज तरी परत येतो," कडकबाई धाकट्या जावेला सांगत. "हिच्यापाशी तोही जिरतो. सून आहे की पाण्याची टाकी? आत किती साठलंय, काही कळायला मार्ग नाही."

"तुम्हाला सुख टोचतं, जाऊबाई."

"टोचतं त्याला टाचणी म्हणतात. सुख म्हणत नाहीत."

कडकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं त्यांचं दुकान होतं, आणि त्यावर सासऱ्यांच्या काळची पाटी होती: 'कडक इस्त्री करून मिळेल.' सासरे गेले, नवरा गेला, पाटीवरची निम्मी अक्षरं उडाली, आणि उरलेला पहिला शब्द गल्लीनं बाईंना चिकटवून टाकला. बाईंनीही तो मिरवला. शाळेची पायरी त्या चढल्या होत्या, पण आत फार वेळ थांबल्या नव्हत्या. पाटीवरचा तेवढा एक शब्द मात्र त्यांना लांबूनही वाचता यायचा.

दुकानात पुढे गल्ला. तिथे धाकटी जाऊ बसायची, पावत्या फाडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. मागच्या खोलीत इस्त्रीची टेबलं. त्यांतल्या मोठ्या टेबलाशी कडकबाईंचा मुलगा दिवसभर उभा. स्वभावानं इतका गरीब, की इस्त्रीसुद्धा परवानगी मागून फिरवतो असं वाटावं. खिडकीजवळ, चांगल्या उजेडात, एक वेगळं टेबल होतं. त्याच्यावर जाड पांढरी घोंगडी, तिच्यावर धुवट चादर. हे रेशमाचं टेबल. तिथे कडकबाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्याच्याही मागे धुण्याची खोली, सिमेंटच्या टाक्या, खळ शिजवायची गॅसची शेगडी आणि मग दोऱ्या बांधलेलं अंगण.

रेशमाच्या टेबलावर कडकबाईंचा जीव होता. घर मुलाचं झालं होतं, गल्ला जावेचा, स्वयंपाकघर हळूहळू सुनेचं होत चाललं होतं. टेबल तेवढं त्यांचं. आणि तेच आता जाणार अशी चिन्हं दिसत होती.

कारण हात. साबण, सोडा, गरम पाणी आणि वाफ यांनी उभ्या आयुष्यात त्या हातांचं व्हायचं ते झालं होतं. पेरांना भेगा पडल्या होत्या, अंगठ्याची कड करवतीसारखी झाली होती. सुती कापडाला त्याचं काही नाही. पण रेशीम म्हणजे नवी नवरी. जरा खरखरीत स्पर्श झाला की अंग चोरतं. मागच्या खेपेला नाटकमंडळीचा राणीचा झगा आला होता. बाही सरळ करताना कडकबाईंचं बोट अडकलं आणि एक धागा सर्रकन ओढला गेला, पार खांद्यापर्यंत. प्रेक्षकांना दिसणार नाही एवढी बारीक रेघ. पण नाटकमंडळीच्या पोशाखवाल्या बाईंना दिसली. साखळीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी ती रेघ बघितली, मग कडकबाईंचे हात बघितले.

"बाई, इस्त्री तुमच्यासारखी कुणाची नाही," त्या म्हणाल्या. "पण आता नवं नाटक येतंय. झगा नवा शिवलाय, कापड पहिल्यापेक्षा नाजूक. पुन्हा धागा ओढला गेला तर मला सगळं कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे न्यावं लागेल." मग गल्ल्याकडे वळून, "नाहीतर तुमच्या जाऊबाईंनी करावं. त्यांचे हात बघा कसे आहेत!"

धाकट्या जावेनं लगेच हात वर धरून दाखवले. पावत्या फाडून हातांना काय होणार? लोण्यासारखे होते.

त्या दिवसापासून जाऊ येताजाता रेशमाच्या टेबलाशी रेंगाळू लागली. कधी घोंगडी झटक, कधी चादरीची सुरकुती काढ.

"काय हरवलंय का तिथे?" कडकबाई विचारायच्या.

"नाही हो. उजेड छान येतो इथे."

"उजेड सगळीकडे येतो. तू आपल्या जागेवर जाऊन बस, तिथेही येईल."

सुनेनं हे सगळं बघितलं, आणि बोलली काहीच नाही. ती एका मलमाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. तिथे येणारा माल तपासायचा, चांगला असेल तर आत घ्यायचा, नसेल तर परत पाठवायचा, हे तिचं काम. एका संध्याकाळी तिनं पिशवीतून एक पांढरा डबा आणि पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड काढून सासूसमोर ठेवला.

"काय आहे?"

"हातांसाठी, आई. भेगांना."

डब्यात पांढरट, अर्धवट पारदर्शक, चिकट असं काहीतरी होतं. कडकबाईंनी वास घेतला. वासच नाही. ज्याला वास नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगा जवळ आला आणि त्यानं डब्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली.

"पे-ट्रो-लि-यम जेली."

कडकबाईंचा हात डब्यावरून असा मागे आला, जसा कुणी तापल्या इस्त्रीवरून काढतो.

"पेट्रोल?"

"पेट्रोल नाही, आई," सून म्हणाली. "तेल जमिनीतून काळं, घाण निघतं. त्याच्यातलंच हे, पण पुन्हा पुन्हा शुद्ध करतात. वाईट ते सगळं काढून टाकलं की शेवटी हे उरतं. तान्ह्या बाळांना लावतात, ओठांना लावतात. नीट शुद्ध केलेलं नसेल तर आम्ही परत पाठवतो."

"चहूकडे इस्त्र्या, आत शेगडी, आणि तू घरात पेट्रोलचा डबा आणतेस? दुकान जाळायचंय का? पाटी तेवढी उरेल, 'कडक'!"

"डब्यातलं असं पेटत नाही, आई. फक्त ते लागलेलं कापड विस्तवाजवळ—"

"कापडाचं मला सांगू नकोस. जन्म कापडात गेला माझा."

"बरं, आई."

"आणि हे लावायचं कसं? लोणच्याला तेल घालतात तसं वरून ओतायचं?"

"थोडंसंच. हात धुतल्यावर, ओले असतानाच लावायचं. कारण ते स्वतः ओल देत नाही, असलेली ओल—"

कडकबाई हसल्या. त्यांचं हसणं गल्लीत प्रसिद्ध होतं, कुणाला आवडत नसे. "ओल्यावर? अगं, ह्या दुकानाचा पहिला नियम काय? ओल्यावर काही लावायचं नाही. डागाचं औषध ओल्यावर नाही, घडी ओल्याची नाही, कपाटात ओलं नाही. ओल्यावर लावलं की बुरशी. सासऱ्यांनी मला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुझ्या कारखान्यात कुणी सांगितलेलं दिसत नाही."

सुनेनं तोंड उघडलं. कडकबाई वाट बघत राहिल्या. बोल गं बाई, एकदा तरी बोल.

"बरं, आई," सून म्हणाली, आणि पोळपाट-लाटणं काढायला आत गेली.

डबा मुलाच्या हातून अंगणात गेला. दोऱ्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकून एक स्टूल ठेवलं, स्टुलावर डबा, डब्यावर हातमोजे. कडकबाईंनी शेजारच्या बांधकामावरून बादलीभर वाळू मागवली आणि स्टुलाखाली ठेवली. जवळून कुणी गेलं की "लांबून, लांबून" असं ओरडायच्या. जाऊ येणाऱ्या गिऱ्हाइकांना मुद्दाम अंगणात नेऊन ते दाखवायची. "आमच्या घरी बॉम्ब ठेवलाय," म्हणायची. लोक हसायचे. सून त्या स्टुलाजवळून कपडे वाळत घालायला जायची, येताना डब्यावरची धूळ पुसायची, बोलायची नाही.

कडकबाई मात्र स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एका दुपारी सगळे जेवायला वर गेले तेव्हा त्या अंगणात आल्या. काडेपेटी घेऊन. एका लांब काडीच्या टोकावर नखभर मलम घेतलं, हात लांब केला, डोळे बारीक केले, आणि खालून आगकाडी धरली. मलम वितळलं. टपकन खाली पडलं. बस्स. भडका नाही, धूर नाही. आगकाडी विझून गेली.

"हॅट्!" कडकबाई म्हणाल्या. एवढ्या वाळूचं आता काय करायचं, असा त्यांचा चेहरा झाला. पण बादली हलवली असती तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून बादली राहिली तिथेच.

आणि मलमाची त्यांनी चोरून सुरुवात केली. अर्थात दुकानाच्या रीतीनं. आधी हात साबणानं खसाखसा धुवायचे, टॉवेलनं खरडून पुसायचे, आणि वर इस्त्रीच्या गरम तळासमोर धरून खडखडीत वाळवायचे. वाळून पापड झाले की मग मलम. थोडंसं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. भिंतीला गिलावा करतात तसं त्यांनी ते थापलं. मोजे बिजे कशाला, म्हणून ते डब्यावरच राहिले.

परिणाम दिसला तो वकिलाच्या सदऱ्यांवर. सगळे सदरे पांढरे शुभ्र, आणि प्रत्येक कॉलरवर तेलकट अंगठा उमटलेला.

"कुणी केलं हे?" कडकबाई गरजल्या. घरातली माणसं इस्त्रीच्या टेबलापुढे रांगेनं उभी केली. "हात दाखवा!"

मुलानं दाखवले. कोरडे. जावेनं दाखवले, जरा जास्तच वेळ. मऊ, पण कोरडे. सुनेनं दाखवले. कोरडे.

"आणि तुझे, आई?" मुलानं भाबडेपणानं विचारलं.

"माझे कशाला? मी काय चोर आहे? मी विचारणारी आहे!" त्यांचे हात ॲप्रनखाली होते.

सुनेनं त्या ॲप्रनकडे एकदा बघितलं. मग तिनं सगळे सदरे उचलले, डागांवर भांड्यांचा साबण चोळला आणि कोमट पाण्यात टाकले. एकही प्रश्न नाही. कडकबाई तिच्यामागे गेल्या. त्यांना आता खरोखर राग आला होता.

"तुला काही म्हणायचंय का?"

"नाही, आई."

"म्हणायचं असेल तर म्हण."

"बरं, आई."

आणि हातांचं म्हणाल तर भेगा होत्या तशाच. वरून तेलकट, आतून कोरड्या ठणठणीत. उलट आता झोंबायला लागल्या होत्या. "फुकटचा डबा, फुकटचं औषध," कडकबाईंनी निकाल दिला. राणीचा झगा यायला आता थोडेच दिवस राहिले होते. जावेनं रेशमाच्या टेबलाची चादर बदलली. बदलली म्हणजे काय, स्वतःची घातली, फुलांची. कडकबाईंनी ती काढली नाही. ते बघून मुलगा घाबरला. आईनं चादर काढली असती, फाडली असती, जावेच्या डोक्यावर घातली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

कडकबाई दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच तुटून पडल्या. तो जाड सुती चादर इस्त्री करत होता आणि इस्त्री नुसती वरून फिरत होती, सुरकुती जागची हलत नव्हती.

"अरे, कोरड्या कापडावर इस्त्री फिरवून काय होणार? कापड जळेल, पण सुरकुती जाणार नाही! किती वेळा सांगायचं? आधी पाणी शिंपड. मग गुंडाळ. वरून फडकं लपेट आणि ठेव बाजूला. ओल मुरू दे आत."

"फडकं कोरडंच आहे, आई. त्यानं काय होतं?"

"फडकं काय ओल देतं का रे? फडकं ओल बाहेर जाऊ देत नाही! ओल आधीचीच असते, फडकं तिला नुसतं—"

कडकबाई थांबल्या. हातात शिंपडायचं भांडं, तोंड अर्धवट उघडं. चादरीवर पाण्याचे थेंब पसरत होते आणि त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

ते स्वतः ओल देत नाही. असलेली ओल... असं काहीतरी सुनेनं म्हटलं होतं. पुढे काय म्हणणार होती? ते त्यांनी म्हणूच दिलं नव्हतं.

"आई? काय झालं?"

"काही नाही. इस्त्री कर. तोंड काय बघतोस?"

त्या अंगणात गेल्या. नळावर नुसत्या पाण्यानं हात धुतले, साबण नाही. पुसले नाहीत, टॉवेलनं नुसते टिपले. सासऱ्यांची आठवण काढून एकदा वर बघितलं, आणि ओल्या हातांवर वाटाण्याएवढं मलम घेऊन दोन्ही तळव्यांनी पातळ पसरवलं. मग मोजे चढवले. फडकं लपेटायचं राहून कसं चालेल?

आता त्या दिवसभर, जमेल तेव्हा, मोजे घालून वावरायला लागल्या. जावेनं विचारलं तर म्हणायच्या, "कपड्यांना डाग नको म्हणून. हल्ली कुणीतरी अंगठे उमटवतं." सून बघायची आणि कपड्यांच्या ढिगात काहीतरी शोधायचं निमित्त करून तोंड फिरवायची. ती हसत असावी, असा कडकबाईंना दाट संशय होता. पण पुरावा नव्हता.

हात हळूहळू बदलले. आधी झोंबणं थांबलं. मग भेगांच्या कडा मऊ पडल्या, मग भेगा मिटायला लागल्या. रात्री अंथरुणावर कडकबाई अंधारात अंगठा चारी बोटांवरून फिरवून बघायच्या. अडकत नाही. पुन्हा फिरवायच्या. अडकत नाही. एवढं कौतुक त्यांनी मुलगा झाला तेव्हाही केलं नव्हतं. पण दिवसा कुणाला दाखवलं नाही. कारण दाखवलं असतं तर कुणामुळे झालं हेही सांगावं लागलं असतं.

पोशाखवाल्या बाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. सकाळची वेळ, सुनेची सुट्टी. ती धुण्याच्या खोलीत चादरी पिळत होती. कडकबाई मोजे घातलेल्या, शेगडीवर खळ ढवळत होत्या. पुढून आवाज आला.

"या, या! आणा इकडे. राणीचाच ना? द्या माझ्याकडे. जाऊबाईंचं काही खरं नाही आता. रेशमाचं मीच बघते. टेबलही केलंय मी नीट."

मधलं दार उघडंच होतं. कडकबाईंना तिथून दिसलं की जावेनं झगा दोन्ही हातांवर घेतलाय, आणि ती खिडकीकडे निघालीय. फुलांच्या चादरीकडे.

"ए!" कडकबाई ओरडल्या. "खाली ठेव! हात लावशील तर—"

त्याच वेळी खळ उतू आली. कडकबाईंची मान जावेकडे, डोळे जावेकडे, तोंड जावेकडे. फक्त उजवा हात सवयीनं शेगडीवरून पलीकडे गेला, पातेलं उतरवायला. जन्मभर जात होता तसा.

"आई!!"

तो आवाज कुणाचा, हे पहिल्या क्षणी कुणालाच कळलं नाही. ह्या घरानं तो ऐकलाच नव्हता. सुनेनं पिळलेली चादर तशीच टाकली, झेप घेतली, आणि सासूच्या हातावर अशी चापट मारली की पातेलं एकीकडे आणि कडकबाई दुसरीकडे. मोज्याच्या कडेला ज्योत लागली होती. तिनं मोजा ओढून काढला, जमिनीवर फेकला, आणि तो सुती मोजा, एवढासा, चांगल्या तेल पाजलेल्या मशालीसारखा भडकला. कमरेएवढी ज्योत. मुलगा अंगणात धावला, स्टुलाखालची बादली उचलून आणली आणि सगळी वाळू मोज्यावर ओतली. थोडी स्वतःच्या पायांवर, थोडी खळीत.

विझला. खोलीत जळक्या कापडाचा वास भरला.

"पण ते पेटत नाही!" कडकबाई शेवटी म्हणाल्या. "मी काडी लावून बघितलं होतं!"

"डब्यातलं नाही पेटत!" सून ओरडली. अजून ओरडतच होती. "कापडात मुरलं की पेटतं! नुसतं तेल पेटतं का? वात घातली की पेटतं ना? तसंच! धुतलं तरी पूर्ण निघत नाही! म्हणून सांगत होते, ते मोजे विस्तवाजवळ न्यायचे नाहीत!"

कडकबाईंनी डाव्या हातातला उरलेला मोजा बघितला. हळूच काढला आणि वाळूवर ठेवला. मग मनगट बघितलं. थोडंसं लाल झालं होतं.

"वात," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी हाताला वात बांधून शेगडीजवळ फिरत होते." मग आवाज पूर्ववत करून, "बरं, आता डबा आण. मनगटाला लाव."

"नाही."

मुलाच्या हातातली रिकामी बादली खाली पडली. जावेनं झगा छातीशी धरला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. ताज्या भाजल्यावर हे लावायचं नसतं, आतली उष्णता आतच राहते. आधी गार पाणी. या इकडे." आणि तिनं सासूचं मनगट धरून नळाखाली घातलं. कडकबाईंनी हात काढायचा प्रयत्न केला. "हलू नका! मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही."

कडकबाई हलल्या नाहीत. पाणी वाहत राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मुलाला नीट सांगता आलं नाही. राग तर नव्हता. त्यानं नंतर बायकोला सांगितलं, "आई ना, जिंकल्यासारखी दिसत होती."

पोशाखवाल्या बाई एव्हाना दारात आल्या होत्या, वाळू चुकवत. सुनेनं एकदाचा नळ बंद केला, सासूच्या तळव्यांवरचं मलम साबणानं काढलं, हात टिपले. पोशाखवाल्या बाईंनी चष्मा चढवला.

"बघू?"

कडकबाईंनी हात पुढे केले. लपवायला ॲप्रन होता, पण केले. बाईंनी गळ्यातला रेशमी रुमाल सोडला आणि बोटांवरून ओढला. एकेका पेरावरून, अंगठ्याच्या कडेवरून. रुमाल पाण्यासारखा निघून गेला. पुन्हा ओढला. कुठे अडकला नाही.

"हे कसं केलंत?"

उत्तराची वाट न बघता पोशाखवाल्या बाईंनी तोच रुमाल जावेच्या लोण्यासारख्या हातावरून ओढला. तो तिच्या अंगठीच्या खड्याला अडकला आणि एक धागा बारीक आवाज करून बाहेर आला.

"रेशमाला हात लावताना अंगठ्या?" बाई म्हणाल्या, आणि जावेच्या हातांवरचा झगा उचलून कडकबाईंच्या हातांवर ठेवला. "शनिवारी नेईन."

त्या गेल्या. कडकबाईंनी झगा खिडकीपाशी नेला. आधी फुलांची चादर काढून घडी केली आणि जावेच्या हातात दिली, काही न बोलता, जे त्यांच्या बाबतीत फार होतं. आपली पांढरी चादर अंथरली. झगा तिच्यावर पसरला, बाही सरळ केली. बोट बाहीवरून खांद्यापर्यंत गेलं, आणि धागा जागचा हलला नाही.

मग त्या मागे वळल्या. सून दारात उभी होती, केस विस्कटलेले, हात साबणाचे, पायाशी वाळू. आता काय होणार हे तिला माहीत नव्हतं. मुलालाही माहीत नव्हतं. त्यानं उगाच एक थंड इस्त्री हातात घेतली.

"इकडे ये," कडकबाई म्हणाल्या. "जवळ ये. सगळ्यांसमोर सांगते, मागाहून कुणी म्हणायला नको की सासू मागे बोलते. हात ओले असताना लावायचं, हे तुला माहीत होतं?"

"हो, आई."

"मोजे विस्तवाजवळ न्यायचे नाहीत, हेही माहीत होतं?"

"हो. मी सांगायला लागले होते, पण तुम्ही—"

"मी म्हटलं गप्प, आणि तू म्हणालीस बरं. मी चुकीचं करत होते, तू बघत होतीस, वकिलाचे सदरे धुवत होतीस, आणि म्हणत होतीस बरं! सासू पेटली तरी बरं, आई?"

"मला वाटलं तुम्हाला राग येईल."

"येणारच! राग येणं माझं काम आहे. त्याला भिऊन तू तुझं काम सोडायचं? कारखान्यात खराब माल आला तर त्याला बरं म्हणतेस का? परत पाठवतेस ना? मग मीही माल आहे, मलाही परत पाठव! ऐक, हा माझा निकाल, आणि तो मी बदलत नाही. तुझा गुन्हा एकच. तुला माहीत होतं आणि तू भांडली नाहीस. शिक्षा ही, की आजपासून ह्या घरात 'बरं' बंद. माझं चुकलं की ओरडायचं, आत्ता ओरडलीस तसंच, तेवढ्याच मोठ्यानं. मी गप्प बस म्हटलं तरी बसायचं नाही. आणि ती वाळू भरून ठेव पुन्हा बादलीत, कुणी हसलं त्या बादलीला तर मला सांग. काय? तोंड उघडून 'ब' म्हणायला निघालीस ना? गिळ तो 'ब'! भांड माझ्याशी!"